गणवेशमंत्री

आमच्या ऑफिसात शिरताना दोनदा हजेरी लागते. पहिली दारावरच्या यंत्रावर, बोट टेकवून. दुसरी तिथून चार पावलं पुढे गेल्यावर, गणवेशमंत्र्यांच्या टेबलासमोर. यंत्राचं बोटावर भागतं, मंत्र्यांना अख्खा माणूस लागतो आणि तोही खालून वर. नजर आधी बुटांवर जाते, मग पँटच्या घडीवरून चढत पट्ट्यापाशी येते. शर्ट पुरता इन आहे की पुढून इन आणि मागून मोकळा, याचा निकाल लागेपर्यंत ती तिथंच रेंगाळते. मग कॉलर आणि सगळ्यात शेवटी चेहरा. नवीन लागलेल्या मुलाचं नाव त्यांना महिनाभर येत नाही, पण 'तो तपकिरी बुटांवर काळा पट्टा लावणारा' म्हणून पहिल्याच दिवशी तो त्यांच्या डोक्यात पक्का बसतो.

"गुड मॉर्निंग, साहेब."

"गुड मॉर्निंग. पट्टा बदल, राजा."

बोलण्यात राग नसतो. रेल्वेत शेजारी बसलेला माणूस 'तुमची चेन उघडी आहे' हे ज्या हळू आवाजात सांगतो, तोच हा आवाज.

त्यांचा खरा हुद्दा प्रशासन आणि लेखा व्यवस्थापक. म्हणजे वीजबिल, चहावाला, पेटी कॅश, तुंबलेला बेसिन आणि दर तिमाहीला जीएसटी. गणवेशाचं खातं त्यांना कुणी दिलेलं नाही, ते त्यांनी स्वतःहून घेतलं आणि पंचवीसेक वर्षं निष्ठेनं सांभाळलं. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आमची कंपनी सुरू झाली तेव्हा एकूण नऊ माणसं होती म्हणे. त्यातले दोघे मशीनवर. तेव्हाही यांनी एका पानाचं परिपत्रक काढून पाण्याच्या पिंपावर चिकटवलं होतं. आज ते साडेतीन पानांचं झालंय, लॅमिनेट झालंय आणि नोटीस बोर्डाच्या काचेमागे कुलपात आहे. किल्ली कुणाकडे हे सांगायला नको.

"मी कोण सांगणार?" असं ते प्रत्येक वादाच्या सुरुवातीला म्हणतात. "परिपत्रक सांगतंय." परिपत्रक त्यांनीच लिहिलंय, त्यांनीच टाइप केलंय, खाली सहीही त्यांचीच आहे. पण एकदा कागदावर उतरलं की ते वेदांसारखं अपौरुषेय होतं.

बाहेरच्या माणसाला हे परिपत्रक रुक्ष वाटेल. आम्हाला ते कंपनीच्या इतिहासाचं एकमेव विश्वसनीय साधन वाटतं, कारण त्यातल्या एकेका कलमामागे एकेक माणूस आहे. कलम चार म्हणतं की कपड्यांवर कोणत्याही भाषेतला मजकूर असू नये. हे आलं ते एका शनिवारमुळे. राजकोटहून एक ग्राहक तक्रार घेऊन थेट ऑफिसात येऊन बसला. त्याच्यासमोर सर्व्हिसमधला जो मुलगा वही उघडून बसला, त्याच्या टी-शर्टवर छातीभर इंग्रजी अक्षरांत 'मी ऐकत नाहीये' असं छापलेलं होतं. मुलगा बिचारा सगळं मन लावून ऐकत होता, मुद्दे लिहून घेत होता. ग्राहक मात्र पाऊण तास त्या अक्षरांकडे बघत बोलत राहिला. सोमवारी कलम चार लागू झालं. तो मुलगा पुढे दुबईला गेला, पण नव्या माणसाला परिपत्रक समजावताना आजही "हे आपलं राजकोट कलम" असंच सांगतात.

कलम अकरा: ओले मोजे एसीच्या जाळीवर वाळत घालू नयेत. यामागचा माणूस अजून नोकरीत आहे, म्हणून पुढे जाऊ.

सगळ्यात करुण कथा कलम सातची. पँटची लांबी घोट्याच्या खाली असावी, असं ते कलम आहे. घोट्याच्या वर संपणाऱ्या पँटींची फॅशन आली, तेव्हा डिझाइनमधला एक मुलगा तशी पँट घालून आला. मंत्री दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला जिन्याच्या चौकात गाठलं आणि म्हणाले, "हे बघ, पावसात कापड आटतं. होतं असं. लाजायचं नाही. घाटकोपरला माझा जुना शिंपी आहे, खालची दुमड उलगडून दोन इंच सहज वाढवून देईल. पैशांचं बघू आपण." मुलानं ती पँट मॉलमधून, मंत्र्यांच्या दोन पँटींच्या किमतीत घेतली होती. पण मुलगा संस्कारी. "हो साहेब" म्हणाला आणि महिनाभर दुसऱ्याच पँटी घालून आला. खरा प्रकार मंत्र्यांना अकाउंट्समधल्या बाईंनी सांगितला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. माणूस गरिबीमुळे आखूड पँट घालतो हे त्यांना समजत होतं, माणूस जास्त पैसे मोजून आखूड पँट आणतो हे काही केल्या पचेना. कलम सात लिहिलं गेलं ते रागानं नव्हे, धक्क्यानं.

हे 'शिंपी उलगडून देईल' कुठून येतं, ते कळायला घाटकोपरला जावं लागतं. मंत्री आता बोरिवलीला वझिरा नाक्याच्या बाजूला राहतात, पण वाढले ते घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीतल्या चाळीत. वडील लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात कामगार. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा कारखानेच कारखाने होते. आता तिथे मॉल आणि टॉवर आहेत आणि जुनं काही विचारलं तर रिक्षावाला फक्त सिग्नलचं नाव सांगतो. वडिलांना कारखान्याकडून वर्षाला खाकी कपड्यांचे दोन जोड मिळत. शिलाई कंपनीची, कापड कंपनीचं, आणि पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ असे: धुलाई भत्ता. रक्कम किरकोळ, पण ओळ होती. मंत्री ही ओळ मुलांच्या जन्मतारखेइतकी जपून सांगतात.

मुलगा शिकला, बी. कॉम. झाला, ऑफिसात लागला. पांढरपेशा झाला. आता कपडे आपले, शिलाई आपली, इस्त्री आपली, बूट आपले, आणि नियम तेवढे कंपनीचे. "गणवेश आणि ड्रेसकोड यात फरक काय माहिताय?" ते चहाच्या वेळी विचारतात. उत्तर द्यायचं नसतं. "गणवेशाचे पैसे मालक देतो."

म्हणून ते दर वर्षी मार्चमध्ये वरती एक टिपण पाठवतात: ड्रेसकोड लागू असलेल्या कर्मचाऱ्यांना इस्त्री भत्ता मिळण्याबाबत. सोबत बोरिवली, अंधेरी आणि मुलुंड इथल्या इस्त्रीवाल्यांचे चालू दर जोडलेले असतात. दर वर्षी ते टिपण 'चर्चा करू' असा शेरा घेऊन परत येतं. चर्चा आजवर झालेली नाही. टिपणांची फाइल मात्र जाड झालीय. एकदा मी ती चाळली. मुंबईत शर्टाच्या इस्त्रीचा दर कसा चढत गेला याचा इतका नेटका हिशेब एखाद्या अर्थतज्ज्ञाकडेही नसेल.

ऑफिसातले दोन शिपाई आणि चहा आणणारा मुलगा (हा 'मुलगा' पन्नाशीचा आहे) यांच्या बाबतीत मात्र त्यांनी वरच्यांना नमवलं. त्या तिघांना कपडे, पावसाळी बूट आणि रेनकोट कंपनीकडून मिळतात. आणि व्हाउचरवर छोट्या अक्षरांत धुलाई भत्ताही. व्हाउचर मंत्रीच बनवतात.

बरं, इतका कडक नियम करणाऱ्या माणसानं तो पाळून घ्यावा की नाही? इथं गंमत आहे. मंत्र्यांचा निम्मा दिवस सवलती देण्यात जातो. टेबलाच्या उजव्या बाजूला एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात पावत्यांच्या फायली आणि खालच्यात सुईदोरा, सेफ्टी पिना, चार रंगांची बटणं, काळं आणि तपकिरी बूट पॉलिश, दोन टाय आणि बेचाळीस मापाचा एक पांढरा शर्ट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, इस्त्रीसकट. कुणाची अचानक मीटिंग निघाली, कुणाच्या बाहीवर वडापावची चटणी सांडली, कुणी विरारच्या गर्दीतून बटण हरवून आलं की हे कपाट उघडतं. आधी कलमाचा क्रमांक सांगितला जातो, मग बटण लावून दिलं जातं. या क्रमात कधी चूक होत नाही. तो बेचाळीस मापाचा शर्ट आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावरून फिरलाय. कंपनीची दोन मोठी कंत्राटं त्या शर्टानं मिळवलीत असं मंत्री म्हणतात. खोडून काढता येत नाही.

मुंबईत ड्रेसकोड करणाऱ्या माणसाचा खरा शत्रू फॅशन नसून जूनचा पाऊस आहे. पहिल्या पावसाला आमच्या ऑफिसची दोन गटांत विभागणी होते: बूट पिशवीत आणि पायात चप्पल घालून येणारे, आणि बूट टेबलाच्या खणात कायमचे ठेवून देणारे. दोन्ही गट चोरून वागत. २००५ नंतर चोरी थांबली. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, अंधेरीचा सबवे बुडाला, गाड्या थांबल्या. गणवेशमंत्री संध्याकाळी एमआयडीसीतून निघाले आणि द्रुतगती महामार्गानं, कमरेएवढ्या पाण्यातून, बोरिवलीपर्यंत चालत गेले. सोबतचे लोक सांगतात की बूट त्यांनी लेसनं बांधून गळ्यात अडकवले होते, मोजे खिशात होते आणि शर्ट इन होता. गोरेगावला कुणीतरी बिस्किटं वाटत होतं, ती घेण्याआधी त्यांनी हात पुसले. पहाटे घरी पोचले.

त्या आठवड्यात ऑफिस उघडल्यावर परिपत्रकाला पुरवणी आली: जून ते सप्टेंबर या काळात प्रवासात पावसाळी सँडल चालतील, मात्र टेबलाशी बसताना बूट. त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिली माघार. तिला त्यांनी माघार कधी म्हटलं नाही, 'हंगामी तरतूद' म्हटलं. आणि दाराशी चपलांचं एक स्टँड आलं, तेही पेटी कॅशमधून.

इस्त्रीसाठी ते काय करतात हा स्वतंत्र विषय आहे. इतर कुठल्याही बाबतीत पै-पै मोजणारा हा माणूस एसी लोकलचा पास काढतो. एसी लोकल मुंबईत पहिल्यांदा धावली ती २५ डिसेंबर २०१७ला, बोरिवलीहूनच. त्या दिवशी नाताळची सुट्टी असतानाही हे नुसते बघायला स्टेशनवर गेले होते. "आपल्याला गारव्याचं काही नाही," ते म्हणतात. "शर्ट पोचतो." त्याआधीची वर्षं ते बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडून, खिडकीला पाठ न टेकता, ताठ बसून अंधेरीला येत. पुढे आगरकर चौकातून शेअर रिक्षा. तिसऱ्या माणसाच्या घामाचा डाग बाहीवर पडू नये म्हणून हे कायम कडेला बसत आणि अर्धे रस्त्यावर लोंबत. २०१४च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा त्यांचा एक मोठा प्रश्न सुटला. मेट्रोवर त्यांची एवढीच टीका आहे की लोक तिथं जिन्याच्या कठड्याला पाठ टेकतात.

बायकांच्या कपड्यांचं कलम हा मात्र त्यांचा दुखरा भाग. ड्रेसकोड करणाऱ्या पुरुषांचा एक मोठा वर्ग असा असतो की त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम बायकांविषयीच असतो. ओढणी हवी, बाह्या एवढ्या, लेगिंग नको. पुरुषांच्या ढेरीवर ताणलेल्या बटणांबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. आमच्या मंत्र्यांनाही सुरुवातीला या क्षेत्रात मार्गदर्शन करावंसं वाटलं होतं. त्यांनी अडीच ओळींचा मसुदा केला आणि रीतसर अकाउंट्समधल्या बाईंकडे अभिप्रायासाठी पाठवला. बाई मुलुंडच्या. दादरला गाडी बदलून, मग पश्चिम रेल्वेनं अंधेरी, अशी वर्षानुवर्षं जा-ये केलेली. बाईंनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, तुम्ही कधी पाचवारी नेसून दादरचा पूल चढलाय?"

"नाही."

"मग?"

एवढंच. परिपत्रकात त्या जागी आता तीन शब्द आहेत: 'महिला कर्मचारी: सोयीनुसार.' साडेतीन पानांत एवढं आटोपशीर कलम दुसरं नाही.

८ डिसेंबर २०२०. ही तारीख आमच्यात दुसऱ्या कुणाला आठवणार नाही, पण मंत्र्यांना विचारून बघा. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं त्या दिवशी सरकारी कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढलं. जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक रंग आणि विचित्र नक्षी किंवा चित्रं असलेले कपडे नकोत, कार्यालयात स्लिपर नकोत, आणि शुक्रवारी खादी. त्या वेळी आम्ही बहुतेक जण घरून काम करत होतो. सकाळी ग्रुपवर वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो आला, त्यावर लाल पेननं रेघा मारलेल्या, आणि खाली संदेश: 'सर्वांच्या माहितीसाठी. शासनानेही.' या 'ही'मध्ये वीस वर्षांचा एकटेपणा होता. कलमं जुळवून बघायला त्यांनी दोन रकान्यांचा तक्ता केला. बारापैकी सात मुद्दे मिळाले. खादीची कल्पना आपल्याला का सुचली नाही, याची चुटपुट त्यांना बरेच दिवस होती. आमच्याकडे शुक्रवारी जीन्सला मुभा होती, ती वरच्यांनी परस्पर दिलेली. म्हणजे एकाच शुक्रवारी, एकाच गाडीतून, मंत्रालयात जाणाऱ्यानं खादी घालायची आणि अंधेरीला उतरणाऱ्यानं जीन्स. "कुठे नेऊन ठेवलाय शुक्रवार," असं ते म्हणाले.

पुढच्या मार्चमध्ये सरकारनं परिपत्रकात दुरुस्ती करून जीन्सवरची बंदी उठवली. टी-शर्टवरची तेवढी ठेवली. मंत्र्यांनी त्याचं कात्रण पाठवलं नाही. कुणीतरी खोडसाळपणे पाठवलं, तेव्हा त्यांनी फक्त अंगठा दाखवला.

त्याच काळात कॅमेऱ्यासमोरच्या मीटिंगा सुरू होत्या. परिपत्रकात यासाठी काहीच नव्हतं, कारण परिपत्रकाचं गृहीतक असं की माणसाला पाय असतात. आता माणसं छातीपर्यंतच उरली होती. मंत्र्यांनी आठवडाभर विचार करून कलम चौदा काढलं: कॅमेऱ्यात दिसणारा भाग कार्यालयीन असावा. न दिसणाऱ्या भागाविषयी मौन. हे मौन किती शहाणं होतं ते एका बुधवारी कळलं. ऐन मीटिंगमध्ये मंत्र्यांच्या घरची बेल वाजली, ते चटकन उठले, आणि कडक निळ्या शर्टाखाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा साऱ्या कंपनीनं पाहिला. कुणी काही बोललं नाही. परत येऊन बसल्यावर तेच म्हणाले, "चौदा बघा. दिसणारा भाग. बेल वाजेपर्यंत दिसत नव्हता."

ही माणसं ऑफिसपुरती थांबत नाहीत. २०२४च्या मार्चमध्ये शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांसाठी पोशाखाचा निर्णय काढला. शिक्षिकांना साडी किंवा सलवार-कुडता-दुपट्टा, शिक्षकांना फिकट शर्ट आणि गडद पँट, शर्ट इन केलेला. त्यांचे मेहुणे मुलुंडला एका शाळेत गणित शिकवतात. त्यांनी आयुष्यात शर्ट इन केलेला नाही आणि त्यामागची कारणं समोरून आणि बाजूनं, दोन्हीकडून दिसतात. मंत्र्यांनी त्यांना त्या रात्री फोन केला.

"भावोजी, वाचलंत?"

"वाचलं."

"मग आता?"

"आता मुलं भूमिती डोळ्यांनी शिकतील," भावोजी म्हणाले आणि फोन ठेवला.

सोसायटीतही यांचं सरकार आणायचा एक प्रयत्न झाला होता. बोरिवलीच्या सकाळी गाऊनवर ओढणी टाकून दूध, कोथिंबीर आणि शाळेच्या बसपर्यंत सगळं उरकणाऱ्या बायका आणि बर्म्युड्यात कुत्रा फिरवणारे पुरुष, हे दृश्य त्यांना वर्षानुवर्षं खुपत होतं. २०२३ साली ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीनं लुंगी आणि नाइटीत आवारात फिरू नका अशी सूचना काढल्याची बातमी आली, तेव्हा यांना बळ आलं. वार्षिक सभेसाठी ठराव तयार झाला. तो टाइप करताना वहिनींनी मागून वाचला. वहिनी स्वतः तेव्हा गाऊनवर ओढणी घेऊन इडलीचं पीठ आणायला निघाल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ठराव मांडा. आणि उद्यापासून दूध, पीठ, भाजी तुम्ही आणा, बूट घालून." ठराव अजून त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. फाइलचं नाव 'कच्चा मसुदा'.

गेल्या वर्षी आमचे नवीन बॉस आले. वय बत्तीस, पायात रबरी क्रॉक्स, अंगात कॉलर नसलेला टी-शर्ट, आणि हातात मंत्र्यांच्या पगाराच्या अनेकपट पगार. सगळं ऑफिस श्वास रोखून बसलं. नजर खालून वर गेली. क्रॉक्सच्या भोकांपाशी अडखळली. मंत्री उठले, त्यांना चहा सांगितला, परिपत्रकाची एक प्रत नीट पाकिटात घालून दिली आणि म्हणाले, "सर, माहितीसाठी. सक्ती नाही." नव्या बॉसनं ती खरंच वाचली, आणि संध्याकाळी त्यांच्या टेबलापाशी येऊन विचारलं, "काका, ये राजकोटवाला क्या हुआ था?" मंत्र्यांनी सगळी गोष्ट सांगितली. मग कलम सातची. मग अकराची, नावासकट. तो मुलगा पोट धरून हसत होता. दुसऱ्या दिवशी तो बूट घालून आला की काय? छे. क्रॉक्सच होते, पण धुतलेले. आणि त्या मार्चमध्ये इस्त्री भत्त्याच्या टिपणावर 'चर्चा करू'च्या पुढे पहिल्यांदा एक तारीख पडली. तारखेला मीटिंग पुढे ढकलली गेली, हा भाग निराळा.

मंत्र्यांचा युक्तिवाद वर्षानुवर्षं तोच आहे आणि उदाहरणही तेच. "डबेवाल्याला बघा. डोक्यावर पांढरी टोपी आहे म्हणून भर गर्दीत प्लॅटफॉर्मवर त्याला वाट मिळते. टोपी काढा, तो कोण? धक्का खाणारा माणूस." यावर सहसा कुणी वाद घालत नाही, कारण वाद घातला तर पाठोपाठ वकिलांचा काळा कोट, नर्सचा पांढरा पोशाख आणि त्यांच्या वडिलांची खाकी असे तीन अध्याय येतात.

पण मंत्र्यांना खरा हेवा वाटतो तो नवरात्राचा. महाराष्ट्र टाइम्सनं नवरात्राचे नऊ रंग लोकप्रिय केले त्याला आता दोन दशकं झाली. आज पिवळा म्हटलं की बोरिवली लोकलच्या बायकांच्या डब्यापासून घाटकोपरच्या बँकेच्या काउंटरपर्यंत सगळं पिवळं. परिपत्रक नाही, सही नाही, कुलूपबंद काच नाही, दंड नाही, आणि पालन शंभर टक्के. "हे कसं करतात?" असं ते पूर्वी कळवळून विचारत. हल्ली विचारत नाहीत, सामील होतात. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परिपत्रकाची एक खास पुरवणी लागते: नऊ दिवसांचे रंग, वारांसह, आणि खाली 'या काळात कलम दोन (भडक रंग) स्थगित'. पुरुषांना ऐच्छिक. स्वतः मंत्री शर्ट बदलत नाहीत, पण खिशातला रुमाल त्या दिवसाच्या रंगाचा असतो, आणि कोपरा बरोबर अर्धा इंच बाहेर.

गेल्या वर्षी राखाडीच्या दिवशी अकाउंट्समधल्या बाई आणि सेल्समधली नवी मुलगी यांच्यात जुंपली. मुलीची ओढणी राखाडी नसून चंदेरी आहे असं बाईंचं म्हणणं. मुलगी म्हणे, उजेडात बघा. दोघी न्यायासाठी टेबलापाशी आल्या. मंत्र्यांनी खालचा कप्पा उघडला. बटणांच्या डबीखालून रंगाच्या कंपनीचं जुनं शेड कार्ड काढलं, मुलीला खिडकीपाशी उभं केलं, कार्डावरची एकेक पट्टी ओढणीशेजारी धरली आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ तोलून पाहिलं.

"काय, साहेब?" बाई.

"दिवाळीआधी भिंतीला लावलेला आपला रंग आहे ना, त्याच्या एक घर वर," ते म्हणाले. "राखाडीच. पण पदराकडची जर मोजायची नाही. तसं लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी भांडण नको."

आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.